दहीं, कावळे आणि लिहिणारें यंत्र

संस्कृताच्या विद्यार्थ्याला शब्दशक्तीचें प्रकरण लागलें, म्हणजे एक दृष्टांत त्याला हटकून भेटतो. गृहिणी बाहेर जातांना मुलाला सांगते, "बाळ, कावळ्यांपासून दहीं सांभाळ." ती पाठमोरी होते न होते तोंच मांजर येतें आणि भांड्यांत तोंड घालूं लागतें. आतां मुलानें काय करावें? आज्ञेंत मांजराचें नांव नाहीं म्हणून तो स्वस्थ बसला, तर त्याला आज्ञाधारक कोणी म्हणणार नाहीं, मूर्खच म्हणतील. येथें 'कावळा' हा शब्द केवळ कावळ्याचा वाचक नसून दह्याची नासाडी करणाऱ्या यच्चयावत् प्राण्यांचें उपलक्षण आहे, असा शास्त्रकारांचा निर्णय आहे. हा दृष्टांत मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितला. मुलें हंसत, मीहि हंसत असें, आणि मग आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असूं. त्या दह्याच्या भांड्यांत एखाद्या मुलीच्या शिक्षणाचें एक वर्ष बुडूं शकेल, ही कल्पना मात्र तेव्हां मनाला शिवली नव्हती. तें कसें घडलें, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे; आणि त्यांत माझाहि वांटा असल्यामुळें तें मांडणें मी कर्तव्य समजतों.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचे मुलगे, मुली, सुना, जांवई आज पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशीं सॉफ्टवेअरच्या व्यवसायांत आहेत. सकाळीं डबा घेऊन जाणारीं किंवा माडीवरच्या खोलीचें दार लावून बसणारीं हीं माणसें दिवसभर करतात तरी काय, हें घरांतील वडील मंडळींस सहसा नीटसें ठाऊक नसतें. यंत्राला समजेल अशा भाषेंत हुकूम लिहीत बसत असतील, एवढीच माझीहि समजूत होती. माझी धाकटी सून या व्यवसायांत आहे. तिनें एकदां ती समजूत दूर केली. ती म्हणाली, "बाबा, हुकूम लिहिणारे निराळे. माझें काम त्याच्या आधींचें. कोणते हुकूम लिहावयाचे, तें लोकांना विचारून ठरवायचें, हें माझें काम."

म्हणजे असें कीं, एखादी बँक, एखादें रुग्णालय, एखादा कारखाना 'आम्हांला अमुक एक यंत्रणा हवी' म्हणून येतो. त्याला काय हवें तें ऐकून घ्यावयाचें, उलटसुलट प्रश्न विचारावयाचे, परस्परविरुद्ध मागण्यांचा मेळ घालावयाचा, आणि शेवटीं तें सर्व निःसंदिग्ध वाक्यांत लिहून त्यावर त्याची संमति घ्यावयाची. या लेखाला त्या व्यवसायांत 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. आपण अपेक्षापत्र म्हणूं. पुढची सारी इमारत उभी राहते ती या पत्राबरहुकूम.

हें काम वरवर कारकुनी वाटतें. पण तें तसें नाहीं. सॉफ्टवेअर बनविणें ही एक शिस्तबद्ध अभियांत्रिकी व्हावी, या विचारानें १९६८ सालच्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश या गांवीं 'नाटो'च्या विद्यमानें एक परिषद भरली होती. कामें मुदतींत पुरीं होत नाहींत, खर्च अंदाजाबाहेर जातो, आणि एवढें करून हातीं येणारी वस्तु भरंवशाची नसते, ही तेथील तक्रार. पुढें १९८६ सालीं फ्रेडरिक ब्रूक्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें एका निबंधांत या दुखण्याचें निदान केलें. त्याच्या मतें या उद्योगांतील सर्वांत अवघड भाग हुकूम लिहिणें हा नसून, नेमकें काय बनवावयाचें हें ठरविणें हा आहे. आणि येथें राहिलेली चूक मागाहून दुरुस्त करणें सर्वांत कठीण.

याचें ढळढळीत उदाहरण लंडन शहरानें १९९२ सालीं पाहिलें. तोंपर्यंत तेथील रुग्णवाहिका-सेवेंत फोनवर आलेली हांक चिठ्ठीवर लिहिली जाई, आणि अनुभवी माणसें ती वाचून कोणती गाडी धाडावयाची तें ठरवीत. २६ ऑक्टोबर रोजीं हें काम संगणकाकडे सोंपविण्यांत आलें. सर्वांत जवळची गाडी यंत्रानेंच निवडावी, असा बेत. परंतु या बेतांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: प्रत्येक गाडी या क्षणीं कोठें आहे आणि मोकळी आहे कीं नाहीं, हें यंत्राला नेहमीं बिनचूक ठाऊक असेल. प्रत्यक्षांत बिनतारी संदेश मधेंच अडत, घाईंत असलेला गाडीवरचा माणूस बटन दाबावयास विसरे किंवा भलतेंच दाबी. यंत्राच्या मनांतलें लंडन आणि रस्त्यावरचें लंडन यांत अंतर पडत गेलें. कोठें एकाच रुग्णाकडे दोन गाड्या गेल्या, कोठें जवळची गाडी असून दूरची आली. वाट पाहून कंटाळलेले लोक पुन्हां पुन्हां फोन करूं लागले, त्यामुळें गोंधळांत भरच पडली. ४ नोव्हेंबर रोजीं यंत्रणा अजिबात थांबली आणि सेवा पुन्हां कागदावर आली. पुढें १९९३ सालच्या फेब्रुवारींत चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत अनेक कारणें होतीं. पण त्यांतील एक आपल्या विषयाचें मर्मच आहे. अपेक्षापत्र तयार होत असतां गाडीवर काम करणाऱ्या माणसांना त्यांत फारसें स्थान नव्हतें. ज्यांना मांजर ठाऊक होतें, त्यांचें म्हणणें त्या पत्रांत फारसें उतरलेंच नाहीं.

आतां या क्षेत्रांत एक नवीन मदतनीस आला आहे. २०१७ सालीं 'गूगल'मधील संशोधकांनीं 'ट्रान्सफॉर्मर' नांवाची एक रचना प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारानें उभारलेलें 'चॅटजीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं सर्वांसाठीं खुलें झालें. अशा यंत्रांना भाषा-मॉडेल म्हणतात; घरोघरचीं मुलें त्यांनाच सरसकट 'एआय' म्हणतात. अफाट मजकूर पुरवून, कोणत्या शब्दखंडानंतर कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, हें या यंत्रांना शिकविलेलें असतें. मग माणसांना कोणतें उत्तर पसंत पडतें तें पाहून त्यांना आणखी वळण लावितात. पहिल्या शिक्षणानें त्यांची भाषा ओघवती होते; दुसऱ्यानें ती आर्जवी होते. आणि या दोहोंतून एक दोषहि निपजतो. जेथें माहिती नाहीं, तेथें हें यंत्र थांबेलच असा नेम नाहीं. अशा ठिकाणीं बहुतेक कागदांत जें लिहिलेलें असतें, तें तें लिहून मोकळें होतें, आणि तेंहि इतक्या सफाईनें कीं, येथें खांच होती आणि ती बुजविली आहे, हें वाचणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं.

म्हणून हें यंत्र निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. सूनबाईच्या कचेरींत त्याचा रोज उपयोग होतो. तासभराच्या बैठकीचें टांचण तें कांहीं क्षणांत काढतें. दोनशें पानांच्या पत्रांत बाराव्या पानावरचें वाक्य एकशेंचाळिसाव्या पानावरील वाक्याच्या विरुद्ध जात असेल, तर तें पुष्कळदां दाखवून देतें. 'लवकर', 'सोयीस्कर', 'योग्य त्या वेळीं' असे शब्द हुडकून काढतें. कारण 'लवकर' म्हणजे किती सेकंद, हें ठरल्यावांचून काम झालें कीं नाहीं याची परीक्षा घेतां येत नाहीं. मोकळें बोलणें ठराविक सांच्यांत बसवून देण्यांतहि त्याचा हात चांगला आहे. असा एक प्रसिद्ध सांचा, विमानांचीं इंजिनें बनविणाऱ्या 'रोल्स-रॉइस' कंपनींतील ॲलिस्टर मॅव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं मांडला. 'जेव्हां अमुक घडेल, तेव्हां यंत्रणेनें तमुक करावें', 'जोंवर अमुक स्थिति असेल, तोंवर यंत्रणेनें तमुक करावें', 'जर अमुक अनिष्ट घडलें, तर यंत्रणेनें तमुक करावें', अशा त्यांतील वाक्यांच्या जाती. तीं वाक्यें ऐकतांना मला मीमांसकांचे विधि आठवले. 'करावें' म्हणणारें वाक्य कोणतें आणि नुसती स्तुति करणारें कोणतें, हें निवडण्यांत त्या मंडळींनीं आयुष्यें घालविलीं.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आतां आमची गोष्ट.

आमच्या गांवीं होतकरू व गरजू विद्यार्थ्यांना फीसाठीं साहाय्य देणारा एक जुना निधि आहे. त्याच्या कार्यकारी मंडळावर मी कांहीं वर्षें आहें. दरवर्षीं जूनमध्यें अर्ज येत, आणि ते सर्व आमचे जुने कारकून पाहत असत. ते निवृत्त झाले, तेव्हां अर्ज संगणकावर घ्यावे असें मंडळानें ठरविलें आणि एका लहानशा संस्थेला तें काम दिलें. त्यांचा एक तरतरीत मुलगा आला. आम्हां चौघांशीं तासभर बोलला. आमच्या परवानगीनें तें बोलणें त्यानें ध्वनिमुद्रित केलें. आणि तिसऱ्या दिवशीं त्याच्याकडून चाळीस-बेचाळीस पानांचें अपेक्षापत्र आलें. तें भाषा-मॉडेलकडून लिहवून घेतलें आहे, हें त्यानें लपविलें नाहीं. आम्ही तर चकितच झालों. आमचें तें विस्कळित, एकमेकांचें वाक्य तोडणारें बोलणें किती डौलदार होऊन परत आलें होतें! क्रमवार कलमें, उपकलमें, समर्पक मथळे. मीं तें रात्रीं बसून वाचलें, दोन ठिकाणचें ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, आणि सही केली. शुद्धलेखन तपासलें, अर्थ तपासला नाहीं. आयुष्य वह्या तपासण्यांत घालविलेल्या माणसानें याहून लाजिरवाणें काय करावें?

त्या पत्रांत एक कलम असें होतें: 'अर्जासोबत वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला नसल्यास यंत्रणेनें अर्ज अपूर्ण समजून नामंजूर करावा व अर्जदारास तसें तत्काळ कळवावें.' आम्ही बैठकींत एवढेंच म्हणालों होतों कीं, "वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो." पुढचें अर्धें वाक्य आमच्यापैकीं कोणीहि उच्चारलें नव्हतें. तें यंत्रानें घातलें. आणि घातलें त्यांत नवल कांहीं नाहीं. अशा शेंकडों कागदांत दाखला नसला कीं अर्ज नामंजूर होतो, तसा तो येथेंहि झाला. वाक्य व्याकरणशुद्ध, स्पष्ट, परीक्षा घेतां येईल असें. फक्त तें आमचें नव्हतें.

त्या वर्षीं अर्ज करणाऱ्यांत पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. वडील पुष्कळ वर्षांपूर्वीं घर सोडून गेलेले. आई चार घरचा स्वयंपाक करून संसार चालविते. दाखला कोणाचा आणणार? रात्रीं साडेदहाला तिच्या फोनवर संदेश गेला: अर्ज नामंजूर. तो यंत्रानें पाठविला होता; पण तिनें तो आमचा निर्णय समजून वाचला, आणि तसें समजण्याचा तिला अधिकारच होता, कारण खालीं निधीचें नांव होतें. ती विचारावयास आली नाहीं. गरिबाला नकार मिळाला, कीं तो त्याचें कारण विचारीत नाहीं. त्याला त्याची सवय झालेली असते. फीचा हप्ता थकला, आणि तिचें कॉलेज सुटलें. आम्हांला हें कळलें तें दिवाळीच्या सुमारास, तेंहि तिची आई आमच्या शेजारीं फराळाचें करावयास येते म्हणून.

त्याच सुट्टींत सूनबाई घरीं आली होती. मीं तिला तें पत्र दाखविलें. तिनें तें एका बैठकींत वाचलें आणि विचारलें, "बाबा, हें वाक्य कोणाचें?"

मीं म्हटलें, "अगं, यंत्रानें लिहिलें."

"तसें नव्हे. हें तुम्हांला कोणी सांगितलें होतें? कोणाच्या तोंडचें आहे?"

मी निरुत्तर झालों. मग ती सावकाश म्हणाली, "आमच्याकडे पहिला नेम असा आहे, कीं प्रत्येक वाक्यामागें माणूस असला पाहिजे. तो सांपडला नाहीं, तर तें वाक्य कितीहि चांगलें असलें तरी खोडायचें."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता, सन्निधि आणि तात्पर्य हीं चार कारणें लागतात, हें मीं किती मुलांना घोकविलें असेल! आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा. 'गाय' एवढेंच म्हटलें तर मन 'गायीचें काय?' म्हणून अडून राहतें. योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ. विस्तवानें झाडाला पाणी घाल, असें म्हणतां येत नाहीं. सन्निधि म्हणजे पदें जवळजवळ उच्चारलेलीं असणें. आणि तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याची इच्छा. 'सैंधव आण' म्हटलें, तर जेवतांना तें मीठ असतें आणि प्रवासाला निघतांना घोडा. कारण सैंधव या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यावयाचा तें शब्दांत नसून प्रसंगांत असतें. आज अपेक्षापत्रांसाठीं २०११ सालीं निघालेलें आणि २०१८ सालीं सुधारलेलें 'आयएसओ २९१४८' नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रत्येक अपेक्षा आवश्यक, निःसंदिग्ध, पूर्ण, साध्य आणि पडताळून पाहतां येण्याजोगी असावी, असें तें सांगतें. पूर्णता ही आकांक्षेची जवळची नातलग, आणि साध्यता योग्यतेची.

हें साम्य पाहून 'हें सारें आमच्या पूर्वजांनीं आधींच शोधून ठेवलें होतें' असें म्हणण्याचा मोह मला होतो, आणि तो आपल्या घरांतून पुष्कळांना होतो. परंतु तो आवरला पाहिजे. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचें 'नासा'नें ठरविलें आहे, ही वदंता लग्नकार्यांच्या पंगतींतून आजहि फिरत असते. तिचें मूळ एवढेंच कीं, १९८५ सालीं रिक ब्रिग्स या 'नासा'तील संशोधकानें 'एआय मॅगझिन' या नियतकालिकांत एक लेख लिहिला, आणि संस्कृत शास्त्रकारांची वाक्यार्थ उलगडण्याची रीति व संगणकांत ज्ञान मांडण्याची त्या काळची एक रीति यांतील साम्य दाखविलें. तो एका विद्वानाचा लेख होता. संस्थेचा निर्णय नव्हे. आणि आजचीं भाषा-मॉडेलें त्या रीतीनें चालतहि नाहींत. पूर्वजांचा मोठेपणा त्यांनीं संगणक शोधला यांत नसून, माणूस जें बोलतो आणि त्याला जें म्हणावयाचें असतें यांत अंतर असतें, तें त्यांनीं किती बारकाईनें मोजलें, यांत आहे. तें अंतर आजहि तेवढेंच आहे.

भाषा-मॉडेलाच्या हातीं पहिलीं तीन कारणें पुष्कळ अंशीं लागतात. तुटक वाक्य तें पुरें करतें, विसंगति हुडकतें, विखुरलेलें एकत्र आणतें. अडतें तें चौथ्यापाशीं. तात्पर्य सहवासानें कळतें. घरांत सासऱ्यानें नुसतें "संध्याकाळीं चारपांच मंडळी येणार आहेत" म्हटलें, कीं जुन्या सुनेला सारें उमगतें: बैठक आवरावयाची, कॉफी टाकावयाची, त्यांतल्या एकाला गोड चालत नाहीं. नवी सून हें जाणत नाहीं. पण ती शहाणी असेल तर विचारते, आणि विचारण्यांत तिचें नवखेपण शोभतें. यंत्राचा दोष नवखेपणाचा नव्हे. विचारावयास न सांगितल्यास तें बहुधा विचारीत नाहीं, आणि तरी जुन्या सुनेच्या दिमाखानें ताट वाढून मोकळें होतें, हा त्याचा दोष.

म्हणून सूनबाईनें त्याला विचारावयास लाविलें. तिनें तें पत्र, कोणाहि विद्यार्थ्याचें नांव किंवा कागद त्यांत नाहीं याची खात्री करून, आपल्या संगणकावरील भाषा-मॉडेलाला दिलें, आणि सांगितलें: लिहूं नकोस, सुधारूं नकोस; प्रत्येक कलमांत काय गृहीत धरलें आहे आणि त्यामुळें कोण वगळला जाईल, याचे फक्त प्रश्न काढ; उत्तरें देऊं नकोस. साठांहून अधिक प्रश्न आले. त्यांतले पुष्कळ निरर्थक होते. फी परदेशी चलनांत भरल्यास काय करावें, असाहि एक होता. तो वाचून आम्ही हंसलों. कांहीं तेच तेच फिरून आलेले. पण दहाबारा प्रश्न असे होते, कीं त्यांपुढें आमचें सारें मंडळ मुकाट बसलें. वडील हयात नसल्यास? हयात असून कुटुंबापासून वेगळे राहत असल्यास? उत्पन्नाचा दाखलाच ज्यांना मिळत नाहीं अशा फिरत्या मजुरांचें काय? संदेश वाचणारें घरांत कोणी नसल्यास? नामंजुरीवर फेरविचार कोणी करावयाचा? ज्या यंत्रानें ती चूक आम्हांला सुबक अक्षरांत लिहून दिली होती, तसल्याच यंत्रानें ती आतां उघडी पाडली. फरक यंत्रांत नव्हता. आम्ही त्याला दिलेल्या कामांत होता.

ते प्रश्न घेऊन आम्ही जुन्या कारकुनांच्या घरीं गेलों. त्यांनीं आम्हांला चहा दिला आणि एकेका प्रश्नाचें उत्तर असें दिलें, कीं जणूं तें कालच विचारलें होतें. वडील नसले, तर आईचा दाखला. तोहि नसला, तर हेडमास्तरांचें पत्र. आणि कांहींच नसलें, तर अर्जाच्या कोपऱ्यांत ते तांबड्या शाईनें एक लहानशी फुली करीत. तिचा अर्थ 'घरीं जाऊन पाहून यावें.' सायकलीवरून ते स्वतः जाऊन पाहत. वर्षानुवर्षें आम्ही त्या अर्जांवर सह्या केल्या. त्या फुलीचा अर्थ आमच्यापैकीं एकानेंहि विचारला नव्हता. मग यंत्राला तरी दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

आम्ही उठतांना ते म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट तुमच्या यादींत आली नाहीं. कांहीं पोरें अर्जच करीत नाहींत. लाज वाटते. त्यांना मी रस्त्यांत गांठून अर्ज भरायला लावीत असें."

साठ प्रश्नांत तो प्रश्न नव्हता, आणि असणें कठीणच होतें. यंत्रानें जो कागद वाचला, तो अर्ज करणाऱ्यांचा होता. अर्ज न करणारा कागदावर कोठेंच नसतो.

या सर्वांतून मीं जो बोध घेतला, तो आपल्या परंपरेच्या भाषेंत सांगतां येईल. शास्त्रग्रंथांत आधीं पूर्वपक्ष मांडतात. आक्षेपकाला त्याचें सर्व बळ लावूं देतात. आणि मग सिद्धांत सांगतात. भाषा-मॉडेल हा उत्तम पूर्वपक्षी आहे. तो थकत नाहीं, रागावत नाहीं, वडील माणसांना अडचणीचें विचारावयास संकोचत नाहीं. त्याचे आक्षेप अवश्य ऐकावे. मात्र सिद्धांताच्या आसनावर त्याला बसवूं नये; आणि 'हें पत्र पुरें झालें ना?' असें त्यालाच विचारून समाधान मानूं नये, कारण आर्जवी स्वभावाचा सल्लागार अशा प्रश्नाला बहुधा होकारच देतो. गल्ल्यापाशीं, गाडीवर, रुग्णाच्या खाटेपाशीं जो माणूस उभा असतो, त्याच्याकडे पायांनीं चालत जावें लागतें. तेवढी वाट अजून कोणत्याहि यंत्रानें कमी केलेली नाहीं. लोकांचे दाखले, आजार, घरच्या अडचणी हें सारें परक्या यंत्राच्या स्वाधीन करण्यापूर्वीं, तें आपलें आहे काय, हेंहि स्वतःला विचारावें. आणि ज्या वाक्याच्या शेवटीं 'नामंजूर करावा' असेल, तेथें शेवटचा हात माणसाचा असावा.

आमच्या निधीचें तें कलम आतां बदललें आहे. दाखला नसल्यास अर्ज नामंजूर होत नाहीं. तो वेगळा काढला जातो, पडद्यावर त्याच्यापुढें एक तांबडी फुली उमटते, आणि मंडळाचा एक सभासद आठ दिवसांत त्या घरीं जाऊन येतो. हें वाक्य लिहून देतांना त्यापुढें 'सांगणार: जुने कारकून' अशी नोंद करावयास सूनबाई विसरली नाहीं. न येणाऱ्या मुलांसाठीं मात्र कलम लिहितां आलें नाहीं. तें काम आम्ही आपसांत वांटून घेतलें आहे. माझ्याकडे दोन शाळा आहेत.

ती मुलगी या जूनपासून पुन्हां कॉलेजांत जाऊं लागली आहे. मी तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली, तेव्हां तिची आई उलट माझीच समजूत घालूं लागली, "गुरुजी, कॉम्प्युटरची चूक, तुमची काय?" मला तें ऐकवेना. सही माझी होती. असो. वाचकांपैकीं ज्यांच्यापुढें असा कागद येईल, त्यांनीं सही करण्यापूर्वीं एकेका वाक्यावर बोट ठेवून, हें कोणाच्या तोंडचें, एवढें विचारावें. ऱ्हस्वदीर्घ मागाहूनहि सुधारतां येतें.